अळूच्या पानावरचा थेंब आणि घरातला मायक्रोस्कोप

अधूनमधून एक व्हिडिओ घरोघरच्या ग्रुपवर फिरतो. दह्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवलेला असतो, पडद्यावर शेकडो ठिपके वळवळत असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'बघा, आपण काय खातो ते!' माझ्या मावशीनं असाच एक व्हिडिओ पाहून दही खाणं सोडलं. फोनवर समजावून पाहिलं, तिला पटेना. मग एका रविवारी माझा मायक्रोस्कोप पिशवीत घालून मी तिच्याकडे गेलो. तिच्याच घरचं कणभर दही पाण्यात कालवून एका काचेवर लावलं आणि दुसऱ्या काचेवर नुकत्याच उकळलेल्या दुधाचा थेंब. तिनं दोन्ही पाहिलं. ठिपके दुधातही थरथरत होते.

"अरे, उकळलेल्या दुधात हे जिवंत कसे राहिले?" तिनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पटायचं असेल तर मायक्रोस्कोप काय दाखवतो आणि काय दाखवू शकत नाही, हे आधी नीट कळलं पाहिजे. घरच्या टेबलावर मायक्रोस्कोप ठेवून रोजच्या वस्तू बघण्याचा छंद आता आवाक्यात आला आहे. शाळेत साठ मुलांत एक मायक्रोस्कोप असायचा, रांगेत पुढे सरकत आपली पाळी आली की कांद्याचा पापुद्रा दिसायच्या आधी स्वतःच्याच पापण्या दिसायच्या, आणि मागचा ढकलायचा. अनेकांची ओळख तिथेच संपली. ती पुन्हा करून घ्यावी म्हणून हे लिहितो आहे.

भिंगाची सुरुवात थेंबापासून

पावसात अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसतो. त्या थेंबातून खाली पाहा. पानाची शीर थेंबाबाहेर बारीक दिसते आणि थेंबाखाली जाड. थेंबाचा पृष्ठभाग फुगीर असतो, त्यातून येताना प्रकाशाचे किरण वाकतात, आणि डोळ्याला ती शीर मोठी भासते. भिंगाचं सगळं तत्त्व एवढंच आहे. थेंब जितका लहान, तितका त्याचा बाक तीव्र, आणि तितकं मोठं दिसणार.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावातल्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापड व्यापाऱ्यानं याच गोष्टीचा उपयोग केला. तो विद्यापीठात शिकलेला नव्हता. दाण्याएवढी काचेची भिंगं तो स्वतः बनवायचा आणि धातूच्या छोट्या पट्टीत बसवायचा. त्याच्या शिल्लक राहिलेल्या भिंगांपैकी सर्वांत चांगलं भिंग वस्तू सुमारे 270 पट मोठी दाखवतं. मिरी जिभेला का झोंबते हे शोधण्यासाठी त्यानं मिरे पाण्यात भिजत घातले. झोंबण्याचं कारण त्याला सापडलं नाही, पण त्या पाण्यात पोहणारे असंख्य जीव मात्र दिसले. 1676 साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याबद्दल पत्र लिहिलं. जिवाणूंची माणसाशी झालेली पहिली भेट ती. एका कापडवाल्याच्या घरात, भिजवलेल्या मिऱ्यांच्या पाण्यात.

आज आपण वापरतो त्यात दोन भिंगसंच असतात. वस्तूच्या जवळचं ते पदार्थभिंग आणि डोळ्याजवळची ती नेत्रिका. पदार्थभिंग नळीच्या आत वस्तूची मोठी प्रतिमा तयार करतं, आणि नेत्रिका त्या प्रतिमेला पुन्हा मोठं करते. पदार्थभिंग 40 पटींचं आणि नेत्रिका 10 पटींची असेल तर गुणाकार करायचा: 400 पट. बहुतेक मायक्रोस्कोपांवर 4, 10 आणि 40 पटींची तीन पदार्थभिंगं फिरत्या चकतीवर बसवलेली असतात. चौथं 100 पटींचं असेल तर त्याला काचेवर तेलाचा थेंब लागतो. सुरुवातीची काही वर्षं त्याची गरज पडत नाही.

किती लहान म्हणजे किती?

या जगात मिलिमीटर फार मोठा पडतो, म्हणून त्याचे हजार भाग करून त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. पण नुसता आकडा डोळ्यांपुढे काही उभं करत नाही. म्हणून कल्पना करा, सगळं जग एकदम हजार पट मोठं झालं. तांदळाचा दाणा सहा मीटरचा, म्हणजे दुमजली घराएवढा झाला. डोक्याचा केस मनगटाएवढा जाड झाला. कांद्याच्या पापुद्र्यातली एक पेशी साधारण फूटपट्टीएवढी. डबक्यात पोहणारा पॅरामेशियम हा एकपेशीय जीव वीतभर. रक्तातली तांबडी पेशी हरभऱ्याएवढी. दह्यातला जिवाणू मोहरीच्या दाण्याएवढा जाड. आणि करोनाचा विषाणू? एवढं सगळं जग हजार पट फुगल्यावरही तो मैद्याच्या कणाएवढा, जेमतेम डोळ्याला कळेल न कळेल असा.

हरभऱ्यापर्यंतचं सगळं घरच्या मायक्रोस्कोपवर आरामात दिसतं. मोहरी दिसते, पण ठिपका किंवा काडी म्हणून. तिच्या आतलं काही कळत नाही. मैद्याचा कण दिसत नाही. मायक्रोस्कोप कितीही महाग घेतला तरी साध्या प्रकाशात दिसत नाही. का, ते पुढे सांगतो.

'2000 पट' लिहिलेला घेतला तर जास्त दिसेल ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि जाहिरातींनी सर्वांत जास्त फसवणूक इथेच केली आहे.

मोबाइलवर काढलेला छोटा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर छापला की काय होतं? चेहरा मोठा होतो, पण नाक-डोळे धुरकट होतात. फोटोत जे मुळातच टिपलं गेलं नव्हतं ते फ्लेक्स कुठून आणणार? मायक्रोस्कोपचंही तसंच आहे. मोठं करणं वेगळं आणि जवळजवळचे दोन ठिपके दोन म्हणून वेगळे दाखवणं वेगळं. या दुसऱ्या गुणाला विभेदन म्हणतात, आणि खरी किंमत त्याची असते.

विभेदनाला निसर्गानंच एक मर्यादा घातली आहे. समुद्रकिनारी उभं राहून लाटा पाहा. मोठा खडक आडवा आला की लाट फुटते, वळते. मागचं पाणी पाहून इथे खडक आहे हे कळतं. पण पाण्यात एक बारीक काडी रोवली, तर लाट जणू काडी नाहीच अशी पुढे निघून जाते. प्रकाशही लाटांसारखा वागतो. त्याच्या लाटेची लांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. साधारण तिच्या निम्म्याहून लहान गोष्ट प्रकाशासाठी त्या काडीसारखी असते. 1873 साली जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यानं हे गणितानं मांडलं. उत्तमोत्तम भिंगालाही सुमारे 0.2 मायक्रॉनच्या खाली जाता येत नाही, आणि 40 पटींचं चांगलं पदार्थभिंग अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास थांबतं. विषाणू या उंबरठ्याच्या पलीकडे राहतात. त्यांच्यासाठी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारी यंत्रं लागतात.

म्हणून पदार्थभिंगावर कोरलेले दोन आकडे वाचायची सवय लावा. '40' च्या शेजारी '0.65' असं काहीतरी लिहिलेलं असतं. भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं, त्याचं ते माप. त्या आकड्याला हजारानं गुणलं की उपयोगी मोठेपणाची हद्द मिळते: 0.65 साठी 650 पट. नेत्रिका बदलून त्याच्या पुढे गेलात तर फ्लेक्सवरचा धुरकट चेहरा मिळतो. हा दुसरा आकडाच लिहिलेला नसेल, तर ती वस्तू घेऊ नका. यूएसबीच्या डिजिटल मायक्रोस्कोपवर '1000 पट' लिहिलेलं असतं, त्यात बहुधा संगणकाच्या पडद्याचा आकारही धरलेला असतो. मुंगी, कापड, नाणं, पानावरची कीड बघायला ते छान असतात. पॅरामेशियमच्या पोटात डोकावायला नाहीत.

मग घ्यावं तरी काय?

थोडक्यात सांगतो. नवा घेताना धातूचा सांगाडा, काचेची भिंगं, दोन चाकं (एक भरभर फोकस करणारं आणि एक हळू) आणि खालून दिवा एवढं असेल तर विद्यार्थ्यांसाठीचा साधा मायक्रोस्कोप पुरतो. आपल्याकडे असे मायक्रोस्कोप मोठ्या प्रमाणावर हरियाणातल्या अंबाल्यात बनतात. एखाद्या कॉलेजनं मोडीत काढलेला जुना, आरशाचा मायक्रोस्कोप मिळाला तर तो खेळण्यातल्या नव्यापेक्षा कितीतरी चांगला. फक्त आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवू नका. भिंगांतून एकवटलेलं ऊन डोळ्याला कायमची इजा करू शकतं. ढगाकडे, पांढऱ्या भिंतीकडे किंवा टेबललँपकडे वळवा.

पैसे आत्ताच घालायचे नसतील तर फोल्डस्कोप आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि आता अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये काम करणारे मनु प्रकाश यांच्या गटानं 2014 साली हा कागदाची घडी घालून बनणारा मायक्रोस्कोप जगापुढे ठेवला. त्यात लेव्हेनहुकसारखंच एक इवलंसं काचेचं भिंग असतं आणि ते सुमारे 140 पट मोठं दाखवतं. मुलाच्या दप्तरात मावतो, पाण्यात पडला तरी फारसं बिघडत नाही. माझी एक भाची सहलीला तो खिशात घालून जाते.

पहिला थेंब

काचपट्टीच्या मधोमध एक थेंब ठेवा. त्यावर पातळ चौकोनी कव्हर स्लिप एका कडेनं टेकवून हळू पडू द्या, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत. नवख्या माणसाला बुडबुडा हाच सर्वांत देखणा जीव वाटतो: गोल, काळ्या जाड कडेचा, अगदी रेखीव. माझे पहिले दोन दिवस बुडबुड्यांची चित्रं काढण्यात गेले. कव्हर स्लिपची जाडी 0.17 मिलिमीटर असते, आणि पदार्थभिंगं याच जाडीच्या हिशेबानं घडवलेली असतात. म्हणून ती वगळू नका.

सुरुवात नेहमी 4 पटींच्या भिंगानं करा. त्यातून साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंदीचं गोल मैदान दिसतं. 40 पटींच्या भिंगातून तेच मैदान अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होतं. मोठ्या मैदानात आधी गाय शोधायची, मग जवळ जाऊन तिचं कान-शिंग बघायचं, असा तो क्रम आहे. 40 पटींचं भिंग काचेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं, तेव्हा मोठं चाक फिरवू नका. काच फुटते, आणि भिंगावर चरा पडला तर तो जात नाही.

प्रतिमा उलटी असते. काच डावीकडे सरकवली की जीव उजवीकडे पळतो. हाताला हे जमायला तास-दोन तास लागतात. दुसरा डोळा मिटू नका. उघडा ठेवून दुर्लक्ष करायला शिका, म्हणजे डोकं दुखत नाही.

आणि दिवा कमी करा. सगळे लोक तो पूर्ण उजळ करतात, आणि मग पारदर्शक जीव त्या उजेडात हरवून जातात. काच ठेवतात त्या मंचाखाली प्रकाश कमी-जास्त करणारी झडप असते, ती अर्धी मिटली की पेशींच्या कडा उमटायला लागतात.

याहून पुढची एक युक्ती फुकटात होते. दुपारी बंद खोलीत कवडसा आला की त्यात धुळीचे कण चमकताना दिसतात. धूळ खोलीभर असते, पण कवडशातलीच दिसते, कारण मागे अंधार असतो आणि उजेड बाजूनं येतो. मंचाखाली दिव्याच्या वाटेत मधोमध काळ्या कागदाची एक छोटी गोल चकती चिकटवा. समोरून येणारा प्रकाश अडतो, कडेचा तेवढा तिरपा येतो. पार्श्वभूमी काळी होते आणि डबक्यातले जीव दिवाळीतल्या दिव्यांसारखे उजळतात. चकती लहान-मोठी करून पाहावी लागते. 10 पटींच्या भिंगाला ही युक्ती सर्वांत चांगली साधते.

स्वयंपाकघरातून

आता अळूकडे परत येऊ. अळू चिरताना हात का खाजतात, आणि फतफतं नीट शिजलं नाही तर घसा का धरतो? देठाचा ताजा तुकडा काचेवर चोळून घ्या, थेंबभर पाणी घाला आणि 10 पटींच्या भिंगाखाली बघा. दोन्ही टोकांना निमुळत्या, लखलखीत सुया दिसतील. कुठे एकेकट्या, कुठे काडेपेटीतल्या काड्यांसारख्या जुडीनं. या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. खाणाऱ्या प्राण्याच्या तोंडाला टोचून झाड स्वतःचं रक्षण करतं. मिऱ्याच्या झोंबण्यामागे असे काटे नसतात, अळूत मात्र खरोखरच असतात. सुरणातही. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर अळू शिजवताना घाई करावीशी वाटत नाही.

बटाटा चिरल्यावर सुरीवर पांढरं पाणी राहतं, त्याचा थेंब घ्या. पिष्टाचे कण शिंपल्यासारखे दिसतात, अंगावर वळ्या असलेले. शेजारी तांदळाच्या पिठाचे कण ठेवा: ते फार बारीक आणि कोनेदार. गव्हाच्या पिठात मोठे गोल आणि छोटे गोल अशी दोन आकारांची सरमिसळ असते. औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा एक थेंब कव्हर स्लिपच्या कडेला सोडलात, तर निळा-काळा रंग आत सरकत जाताना प्रत्यक्ष दिसतो.

आता मावशीचा प्रश्न. दुधात तुपाचे, म्हणजे स्निग्धांशाचे, बारीक गोळे तरंगत असतात. बहुतेक एक ते दहा मायक्रॉनचे. ते जिवंत नाहीत, पण सतत थरथरतात. कारण भोवतालचे पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात, आणि हे धक्के दर क्षणी थोडे कमी-जास्त होतात. जत्रेच्या गर्दीवर फेकलेला मोठा फुगा आठवा. तो इकडून तिकडे उडत राहतो. लांबून पाहणाऱ्याला माणसांचे हात दिसत नाहीत, फुगाच तेवढा हलताना दिसतो. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1827 साली परागकणांतून बाहेर पडलेल्या बारीक कणांची ही थरथर पाहिली. ती जीवनाची खूण असेल का, हे तपासायला त्यानं निर्जीव खनिजांची पूडही पाण्यात घालून पाहिली. तीही थरथरली. 1905 साली आइनस्टाइननं या हालचालीचं गणित मांडलं, ज्याँ पेरां यानं प्रयोगांनी ते पडताळलं, आणि अणू-रेणू खरोखर असतात यावर उरलेल्या शंका फिटल्या.

म्हणजे हलतं ते सगळं जिवंत नसतं. जागच्या जागी थरथर असेल तर रेणूंचे धक्के. ठरवून एका दिशेनं जाणं, थांबणं, वळणं असेल तर जीव. दह्यातले जिवाणू जिवंत असतात हे खरं, पण दुधाचं दही लावतात तेच हे, आणि त्यांना पोहता येत नाही. व्हिडिओतली ती 'वळवळ' म्हणजे दुधात दिसते तीच थरथर. ते किडे नाहीत. कीटकाला पाय असतात, तोंड असतं, तो त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी मोठा असतो. मावशीनं दुधाची काच पुन्हा एकदा पाहिली. संध्याकाळी जेवताना ताटात दहीभात होता.

परसातलं पाणी

तुळशीवृंदावनाच्या कडेचं साचलेलं पाणी, फुलदाणीचं चार दिवसांचं पाणी, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या वाडग्याचा तळ: सुरुवातीला एवढं पुष्कळ. काहीच नसेल तर मूठभर वाळलेलं गवत विहिरीच्या किंवा पावसाच्या पाण्यात भिजत घाला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जावं म्हणून एक दिवस उघडं ठेवा. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं, वास येतो: जिवाणू वाढले. मग त्यांना खाणारे बारीक जीव येतात, मग त्यांना खाणारे मोठे. पंधरा दिवस रोज एक थेंब पाहिला की एका बरणीत वस्ती बसताना आणि बदलताना दिसते.

पॅरामेशियम चपलेच्या आकाराचा, अंगभर हलणारे केस. तो इतका भरभर पळतो की नजर टिकत नाही. कापसाचे चार तंतू थेंबात टाका, म्हणजे तो त्यांच्या कुंपणात अडकतो. मग त्याच्या अंगात दोन ठिकाणी चांदणीसारखी पोकळी फुलताना आणि एकदम मिटताना दिसते. बाहेरचं पाणी सतत आत झिरपत असतं आणि तो ते उपसून बाहेर टाकत असतो. गळक्या होडीत बसलेला माणूस वाटीनं पाणी उपसत राहतो, तसं त्याचं अख्खं आयुष्य चालतं. जवळच एखाद्या कुजक्या काडीवर व्हॉर्टिसेला असेल: लांब देठावरची घंटा. टेबलाला धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो, मग सावकाश उलगडतो.

सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक प्राणी नुसत्या डोळ्यालाही पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. भिंगाखाली त्याचा एकच तांबडा डोळा आणि मादी असेल तर दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या अंड्यांच्या पिशव्या दिसतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी त्याची करणी भोगली आहे. नारू या जंताच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात असायच्या. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे, ते न गाळता प्यायचे, आणि साधारण वर्षभरानं पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर यायचा. नारू झालेला माणूस पुन्हा त्याच विहिरीत पाय बुडवायचा आणि फेरा चालू राहायचा. कपड्यानं पाणी गाळलं की सायक्लॉप्स अडकतो, त्याच्यासोबत नारूही. गाळलेलं पाणी आणि सुरक्षित विहिरी यांच्या जोरावर भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. ही एवढी मोठी गोष्ट कपड्याच्या विणीतून न जाणाऱ्या एका डोळ्याच्या प्राण्यावर अवलंबून होती, हे त्याला भिंगाखाली पाहताना माझ्या दर वेळी मनात येतं.

नदीच्या घाटावरच्या पायऱ्या ज्या तपकिरी थरामुळे निसरड्या होतात, तो थर नखानं खरवडून घ्या. त्यात डायाटम असतात, काचेच्या डबीत राहणारी एकपेशीय शेवाळं. होडीच्या आकाराची, काडीसारखी, चंद्रकोरीसारखी, अंगावर रेषांची नक्षी असलेली. जगात प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा हे इवले जीव देतात. कुठल्या पाण्यात कोणते डायाटम आहेत यावरून पाण्याची अवस्था ओळखता येते. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांच्यावर काम चालतं.

आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर एक अळी जरूर बघा. तिच्या पारदर्शक पाठीतून धडधडणारं हृदय दिसतं. मग बाकीचं पाणी ओतून द्या आणि भांडं घासून ठेवा.

यावरून पाणी शुद्ध आहे का, आजार आहे का, हे कळेल का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं. थेंबात पोहणारे जीव दिसले म्हणजे पाणी विषारी, असं नाही. निरोगी तळ्यात ते असायलाच हवेत. उलट, काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या थेंबातही टायफॉइडचे जिवाणू असू शकतात, आणि दिसले तरी ते एका काडीसारखेच दिसतील. निरुपद्रवी काडीही तशीच दिसते. पिण्याच्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यायची. रक्त, लघवी, थुंकी पाहून घरी निदान करायच्या फंदात पडू नका, आणि जिवाणू मुद्दाम वाढवायचे प्रयोगही घरात नकोत. डबक्याचं पाणी हाताळल्यावर साबणानं हात धुवा.

लोणारचं सरोवर जून 2020 मध्ये एकाएकी गुलाबी झालं तेव्हा कितीतरी तर्क निघाले होते. पाण्याचे नमुने आघारकर संस्थेत तपासले गेले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बाळगणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं समजलं. आपल्या भिंगाखाली ते ठिपके दिसले असते. ते कोण आहेत हे सांगायला तज्ज्ञच हवे होते. छंदाची हद्द ही अशी असते.

पण मोबाइलवर याहून सुंदर व्हिडिओ मिळतातच की

मिळतात, आणि ते बघावेतही. पण त्यात दुसऱ्या कुणीतरी तासभर पाहून त्यातली वीस सेकंदं निवडलेली असतात. या छंदात मिळतो तो उरलेला वेळ. एका रात्री एक पॅरामेशियम मधोमध आवळायला लागला. थेंब वाळू नये म्हणून मी दर दहा मिनिटांनी ड्रॉपरनं कडेला पाणी सोडत होतो. पाऊण तासानं तो कमरेशी धाग्याएवढा उरला, दोन्ही अर्धे दोन दिशांना ओढ घेऊ लागले, आणि सुटले. खोलीत घड्याळाशिवाय कसला आवाज नव्हता. तो थेंब आमच्या अंगणातल्या बादलीतला होता.

म्हणून एक वही ठेवा. तारीख, पाणी कुठलं, कोणतं भिंग, आणि पेन्सिलीनं काढलेलं चित्र. चित्र चांगलं यायला हवं असं नाही. काढताना नजर थांबते आणि पाय मोजले जातात. फोटोसाठी फोनची मागची भिंगं नेत्रिकेवर धरली तरी काम होतं.

गडग्यावरचं शेवाळ

आमच्या कोकणातल्या घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा आहे. पावसाळ्यात त्यावर मखमलीसारखं हिरवं शेवाळ चढतं. वनस्पतिशास्त्रात त्याला मॉस म्हणतात. एप्रिलपर्यंत ते तपकिरी, कुरकुरीत होऊन जातं, चिमटीत भुगा होतो. त्यातला रुपयाएवढा तुकडा मी कागदी पाकिटात घालून, वर तारीख लिहून ठेवतो.

त्यात टार्डिग्रेड असू शकतात. मराठीत त्यांना जलअस्वल म्हणतात. जर्मन धर्मोपदेशक गोएत्से यानं 1773 साली त्यांचं वर्णन केलं, तेव्हा त्यालाही अस्वलच आठवलं होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर लांबी, आठ आखूड पाय, प्रत्येकाला नखं. पाणी संपलं की हा प्राणी पाय आत ओढून घेतो, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडतो आणि वाळलेल्या बेदाण्यासारखा गोळा होऊन पडतो. खाणं नाही, हालचाल नाही. 2007 साली युरोपीय संशोधकांनी असे वाळलेले जलअस्वल उपग्रहातून थेट अवकाशाच्या पोकळीत नेले. परत आणून पाणी दिल्यावर त्यांतले काही चालू लागले.

माझी पहिली दहा पाकिटं रिकामी गेली. शेवाळ बशीत रात्रभर भिजवायचं, सकाळी पिळून ते पाणी पाहायचं. रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी मिळायचे, जंत मिळायचे, वाळूचे कण मिळायचे. अकराव्या वेळी 4 पटींच्या भिंगाखाली एक पिवळसर गोळा दिसला. तो वाळूचाच कण असावा असं समजून मी पुढे सरकणार होतो, पण कडेला काहीतरी हललं. 10 पटींचं भिंग लावलं. आधी मागचा एक पाय बाहेर आला, मग त्याच्या जोडीचा. पोट हळूहळू भरून आलं. वीसेक मिनिटांनी त्यानं आठही पायांनी एका हिरव्या पानाला धरलं आणि सावकाश चढायला लागलं.